मेजरबायच्या खळ्यात पाणी नव्हतं

ओरोसला सरकारी कचेऱ्यांच्या समोर माझं झेरॉक्सचं दुकान आहे. झेरॉक्स, लॅमिनेशन, अर्ज टाईप करणं आणि त्याबरोबर फुकटचा सल्ला. गिऱ्हाइकांसाठी दोन प्लॅस्टिकच्या खुर्च्या ठेवल्यात. मेजर रेमेडिना लोबो आठवड्यातून दोनदा तरी दुकानात यायची, पण त्या खुर्च्यांकडे तिनं कधी ढुंकूनही पाहिलं नाही. उभी राहायची, आणि तेही एका जागी नाही. मशीनपासून दारापर्यंत आणि दारापासून मशीनपर्यंत तिच्या येरझाऱ्या चालत. मला टाईप करताना कुणी मागे फिरत असलं की अक्षरं चुकतात. मी एकदा म्हटलं, "मेजरबाय, वायंच बसा." ती म्हणाली, "बसलंय तर तू हळू टाईप करतलंस."

आम्ही एकाच वाडीचे. मसुऱ्यापासून दोन मैलांवर, खाडीच्या अंगाला. तिचं घर देवळाच्या पाणंदीच्या टोकाला आणि माझं त्याच्या अलीकडे चार घरं सोडून. तीस वर्षं तिनं सैन्याच्या इस्पितळांत नर्सिंग अधिकारी म्हणून काढली, मेजर म्हणून निवृत्त झाली आणि आईबाप गेलेल्या घराचं कुलूप उघडून एकटी राहू लागली. लग्न केलेलं नव्हतं. गोव्यात बहीण होती, ती नाताळात यायची. वाडीनं तिचं नाव मेजरबाय ठेवलं. मी तोंडावर तिला 'तुम्ही' म्हणायचो, पण आपल्या माणसाबद्दल मनात जसं बोलतो तसं ती माझ्या मनात 'ती'च राहिली, तेव्हा इथेही तसंच लिहितो.

ती टाईप करून घ्यायची ती पत्रं साधी नसत. सैन्यात गेलेल्या बायामुलींवर वरच्यानं किंवा बरोबरच्यानं हात टाकला, जबरदस्ती केली, आणि मग तक्रार दाबली गेली, अशांची ती पत्रं. या मुली तिला कुठून कुठून शोधत येत, देव जाणे. कोणी फोनवर सापडे, कोणी थेट वाडीत येई. मेजरबाय त्यांची तक्रार कुणाकडे करायची, कोणत्या समितीकडे, पोलिसांत कधी, वकील कोण, हे सगळं बघे आणि पत्र माझ्याकडून टाईप करून घेई. नावं मात्र स्वतःच्या हातानं नंतर लिही. माझ्या कॉम्प्युटरवर ती तिनं कधी येऊ दिली नाहीत.

पहिल्याच पत्रात मी माझ्या सवयीनं टाईप केलं, 'सदर महिला कर्मचाऱ्यासोबत दुर्दैवी प्रकार घडला.' माझ्या मते वाक्य झकास होतं. बारा वर्षं मी अर्ज लिहितोय, मला माहीत आहे साहेबांना काय वाचायला आवडतं.

तिनं कागद डोळ्यांजवळ धरला. "प्रकार म्हणजे काय रे?"

"म्हणजे... जां झाला तां."

"काय झाला तां माका ठावक आसा. तू काय लिवलंस तां इचारतंय. आणि 'घडला' कित्या? आपोआप घडाक तो काय पाऊस? कोणीतरी केल्यान मां? मगे 'केला' लिव. कोणी केल्यान तां पण लिव."

मी म्हटलं, इतकं उघडं लिहिलं तर साहेब लोक बिचकतात. ती म्हणाली, "बिचकूकच होये." पुढे पुढे 'दुर्दैवी' हा शब्द माझ्या बोटांवर आला की तिच्या येरझाऱ्या थांबत, आणि मीच तो खोडून टाकी. उत्तरं यायची ती ठरलेली असत. सदर बाब या कार्यालयाच्या अखत्यारीत येत नाही. ती ते उत्तर दोनदा वाचून घडी करायची आणि म्हणायची, "बरा. कोणाच्या अखत्यारीत येता तां इचार. टाईप कर." माझ्या दुकानातला शाईचा खर्च त्या बाईनं वाढवला, पण आयुष्यात मी खरं मराठी लिहायला शिकलो असेन तर तेही माझ्यामागच्या तिच्या येरझाऱ्यांमुळेच.

वाडीत मात्र तिची कीर्ती वेगळी होती. आमच्याकडे कोणी लांबून आलं की खळ्यात, म्हणजे अंगणात, पायरीशी पाण्याची कळशी भरलेली असते. पाहुण्यानं पाय धुवायचे, मग गूळपाणी, आणि प्रवास करून आलेला असला तर न्हाणीत चूल पेटवून ऊन पाणी. 'कसा आसस' हे त्यानंतर. मेजरबायच्या खळ्यात कळशी नव्हती. न्हाणीतली चूल तर कुणी पेटलेली पाहिली नव्हती. स्वतः ती बारा महिने थंड पाण्यानं आंघोळ करायची. तिच्या घरी पहिल्यांदा गेलो तेव्हा माझी बायको धुळीच्या पायांनीच आत गेली आणि घरी येऊन म्हणाली, "पलटणीत रवान मॅनर्स इसारली बाई." तिथून सगळीकडे झालं की मेजरबाय पाणी दाखवत नाही. आमच्या भागात हे बोलणं शिवीपेक्षा कमी नाही.

शिवाय तिला कागदी पिशव्यांचं वेड होतं. औषधाच्या दुकानातली, कापडाच्या दुकानातली, कुठलीही तपकिरी कागदी पिशवी दिसली की ती घडी घालून घेई. घरात कपाटाच्या खालच्या कप्प्यात शे-दीडशे पिशव्या, सरळ इस्त्री केल्यासारख्या. प्लॅस्टिकची एक नाही. पेन्शन इतकी मोठी आणि बाई फुकटच्या पिशव्या जमवते, यावर आमच्या बसथांब्यावर बरीच करमणूक झाली. मीही त्यात होतो, खोटं कशाला बोलू.

दर रविवारी सकाळी ती समुद्राकडच्या शाळेच्या मैदानावर जायची. सैन्यभरतीच्या तयारीला मुलं-मुली तिथे धावतात. त्यांचं धावणं झालं की मेजरबाय त्यांना वडाखाली बसवून स्वतः उभी राहून बोलायची. मी एकदा तिला स्कूटरवर सोडायला गेलो आणि सगळं ऐकून आलो. धावणं, उंची, छाती याबद्दल चकार शब्द नाही.

तिनं एका धिप्पाड मुलाला उठवलं. "तुज्या तुकडीतलो एक जण प्यायललो आसा. एका चेडवाच्या, पोरीच्या मागसून सामानाच्या खोलयेत गेलो. तू बघलंस. काय करतलंस?"

मुलगा हसला. "मी बघूकच नाय म्हणान सांगतलंय."

"बरा. बघूक येणा नाय मां तुका? मगे समुद्राकडे तोंड करून उभो रव."

तो उभा राहिला. मागे तासभर वर्ग चालला, मुलं खिदळली, मेजरबाय एकदाही त्याच्याकडे वळली नाही. शेवटी तिनं त्याला बोलावून विचारलं, मागे काय काय झालं ते सांग. त्यानं कोण काय म्हणालं ते सगळं शब्दाला शब्द सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे पाठ फिरवलंस तरी सगळा कळता." मग तिचा आवाज खाली आला. "मारामारी करूची नाय. त्या खोलयेच्या दारात उभो रव आणि हाक मार. चल रे, साहेब बोलवतत. खोटा बोल. पण दारातसून हलू नको." मुलगा मान खाली घालून उभा होता. मला वाटलं आता तो पुढच्या रविवारी येणार नाही, पण आला. पुढे भरतीही झाला.

त्या वडाखाली एकदा नाना हवालदार येऊन बसले होते. सत्तरी उलटलेले पेन्शनर, टवाळकी करायला आलेले. मेजरबाय सांगत होती की हे फक्त चेडवांच्याच वाट्याला येतं असं समजू नका, नवीन पोरांच्याही येतं, आणि पोरं तर मरेपर्यंत बोलत नाहीत. नानांचं हसू तिथेच राहिलं. त्या संध्याकाळी मी मेजरबायच्या घरावरून जाताना पाहिलं, ती आणि नाना खळ्यात गोल गोल फिरत होते. ती गप्प होती आणि नाना बोलत होते. पुढे कधीतरी एसटीत माझ्या शेजारी बसले असता नाना एकदम म्हणाले, "पंचावन वर्सां झाली. पयल्यांदा कोणीतरी खरा म्हटल्यान." मी काय ते विचारलं नाही.

'आधी खरा धर, मगे इचार' हे तिचं वाक्य होतं. जो दुखावलेला समोर येतो त्याला पहिल्यांदा शंका विचारायची नाही, ते काम करायला पुढे शंभर माणसं टपलेली आहेत, असं तिचं म्हणणं.

आणि वही. आमच्या भागातली जी मुलगी सैन्यात निवडली जाई तिला मेजरबाय एक खिशात मावेल एवढी वही द्यायची. त्यात काही लिहायचं नाही. ज्या दिवशी कुणी अंगाला हात लावला, दार अडवलं, धमकी दिली, त्या दिवशी तारीख, वेळ, जागा, कोण होतं, कोणी पाहिलं, ते त्याच दिवशी लिहायचं आणि तिला कळवायचं. नाहीतर वही कोरी ठेवायची. सुट्टीवर आल्यावर पहिल्या दिवशी ती वही तिला दाखवायची. मेजरबाय एकेक पान उलटून बघायची, सगळी पानं कोरी निघाली की वही मुलीच्या हातात परत देऊन म्हणायची, "शाबास. अशीच घेवन ये." मुली मागे हसत. अभ्यास न केल्याबद्दल शाबासकी देणारी ही जगातली एकच बाई, असं सायली परब म्हणायची.

सायली म्हणजे माझ्या शेजारच्या बबन परबाची मुलगी. बबनची काजूची बाग, थोडी भातशेती. मेजरबायनंतर आमच्या वाडीतून सैन्यात गेलेली सायली ही पहिलीच मुलगी. तिची निवड झाली तेव्हा बसथांब्यावर तिचा फोटो लावून मोठा फलक लागला होता, 'वाडीचा अभिमान'. मजकूर माझाच. दोन सुट्ट्यांत तिनं कोरी वही आणून दाखवली.

तो दिवस सुट्टीचा होता म्हणून मी घरी होतो. सकाळचे नऊ-साडेनऊ झाले असतील. मेजरबाय आदल्या दिवशीपासून फोंडाघाटला होती, तिथल्या कॉलेजात मुलींशी बोलायला गेली होती. तिचा फोन आला. आवाज नेहमीसारखाच, पण श्वास लागलेला.

"अंता, खंय आसस?"

"घराकडे."

"परबांकडे जा. सायली इली असतली. तिका न्हाऊक देव नको. तिची कापडा कोणाक धुवूक देव नको. कारण इचारू नको, कोणाक कायएक सांगू नको. मी गाडी करून येतंय, दीड तास लागतलो. धाव."

मी विचारलंच, "पण झाला काय?"

"तिचो मेसेज इलो. 'बाय, वही कोरी रवाक नाय, घराकडे पोचतंय.' आता फोन बंद लागता. अंता, तू धाव रे."

मी नाकासमोर चालणारा माणूस. कुणाच्या घरात शिरून त्यांच्या मुलीला आंघोळ करू देऊ नका असं सांगायचं, तेही कारण न देता, हे माझ्या बापजन्मात मी केलेलं नव्हतं. मी चप्पल न घालता गेलो.

बबन बाजाराला गेला होता. सायली माजघराच्या उंबऱ्यावर बसलेली, अंगात जाड जॅकेट, बाहेर एवढा उकाडा असून गळ्यापर्यंत चेन ओढलेली. माझ्याकडे तिनं पाहिलं पण ओळख दिली नाही. तिची आई सुनंदावहिनी न्हाणीच्या चुलीत नारळाची सोडणं सारत होती. वर तांब्याचा हंडा, त्याला नुकती वाफ धरू लागली होती. दोरीवर टॉवेल, धुतलेला गाऊन. आई आनंदात होती. मुलगी न कळवता आली म्हणजे आईला चकित करायलाच आली, असं तिनं धरलं होतं.

"अंतादादा, येवा. बघा, अचानक इला आमचा चेडू. रातभर गाडयेत झोपाक नाय, चेरो बघा कसो झालो हा. जरा ऊन पाणी अंगार पडला की बरा वाटतला."

मी म्हटलं, "वहिनी, तिका आत्ता न्हाऊक नको देव."

"काय?"

"मेजरबायन सांगल्यान हा. ती येईसर थांबा."

सुनंदावहिनीनं हातातलं सोडण खाली ठेवलं. "तिच्या घरात पाण्याचो दुष्काळ आसा. माझ्या नाय." आणि मग तिनं सायलीला हाक मारली, "ऊठ गो, पाणी झाला."

सायली उठली. आईनं सांगितलं म्हणून उठली. तिनं तो वर्ग केला होता, तिला सगळं ठाऊक होतं, मेसेजही तिनंच पाठवला होता. पण वीस वर्षं प्रवासाहून आल्यावर आई हाक मारते आणि आपण न्हाणीत जातो, ते पाय सवयीनं चालू लागले. ती चालत माझ्या समोरून गेली, टॉवेलला हात लावला. आधी बोलायचं की आधी अडवायचं? अडवू कसा? तिला हात लावायची माझी छाती नव्हती. तपेलं होतं ते उचललं, हंड्यातलं पाणी उपसलं आणि चुलीत ओतलं. दोनदा, तीनदा. हंडाच कलंडवला शेवटी. राख, वाफ, धूर सगळीकडे. सुनंदावहिनी "बापडो भ्रमिष्ट झालो" म्हणत मागे सरली. माझ्या पायावर कढत पाणी पडलं ते मला घरी गेल्यावर कळलं.

धुरात सायली थांबली होती. तिनं विझलेल्या चुलीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. तिचा हात टॉवेलवरून खाली आला. आणि ती आईकडे वळून बोलली, फार हळू. "आये, माका आत्ता न्हाऊचा नाय." सुनंदावहिनीला तेव्हा काहीतरी कळलं. ती जागच्या जागी खाली बसली.

मी खळ्यात जाऊन उभा राहिलो. तो दीड तास मी तिथे येरझाऱ्या घातल्या. पाणंदीपर्यंत जायचो, परत यायचो. आतून कसलाच आवाज नाही. मेजरबाय बसत का नाही, याचं मला त्या दिवशी अर्धं उत्तर मिळालं.

ती रिक्षातून उतरली तेव्हा तिच्या काखेत कागदी पिशव्यांची चळत होती. कॉलेजला जातानाही तिच्या पिशवीत त्या असत, हे मला नवीनच कळलं. तिनं विझलेली चूल पाहिली, माझ्याकडे पाहिलं. सायलीच्या समोर जाऊन उभी राहिली.

"सायली, मी इलंय. तू सांगतलंस तां मी खरा धरतलंय. हॉस्पिटलात जावचा की नाय, पोलिसांत जावचा की नाय, तां तू ठरव. आज नाय म्हटलंस तर मी रागावचंय नाय. पण न्हालंस तर मगे तुका ठरवूक कायएक उरूचा नाय. म्हणान अंताक धाडलंय."

कोंबडी खळ्यात येऊन गेली. मग सायलीनं विचारलं, "रिक्षा थांबली हा?"

"थांबली हा."

"चला."

सुनंदावहिनीही बरोबर गेली. मी मागून स्कूटरनं गेलो, बबनला फोन करून. सरकारी इस्पितळात एक तरुण डॉक्टरीण होती. ती प्रत्येक गोष्ट आधी सायलीला सांगे, तिनं मान हलवली तरच करी. कपडे एकेक वेगळे, कागदी पिशव्यांत. प्लॅस्टिकमध्ये ओल धरते आणि सगळं नासतं, हे मला तिथे नर्सकडून कळलं. बसथांब्यावरची आमची थट्टा मला आठवली. एक महिला पोलीस आली. घडलं दुसऱ्या राज्यातल्या तळावर, तरी तक्रार इथेच नोंदवून घेतली. ती वही मेजरबायनं स्वतः पोलिसांच्या हातात दिली. एकच पान लिहिलेलं, गाडीत बसून. तारीख, वेळ, जागा, नाव, आणि ज्यानं पाहून पाठ फिरवली त्याचंही नाव.

आत तपासणी चालली होती तेव्हा मेजरबाय बाहेरच्या बाकावर बसली. मी तिला पहिल्यांदा बसलेली पाहिली. मांडीवर हात, पाठ ताठ. मी चहा आणला तो तिनं घेतला नाही.

"तू पाणी चुलीत ओतलंस?"

"व्हय."

"बरा केलंस." ती म्हणाली, "मी एकदा पाणी तापवलेलंय."

मग तिनं सांगितलं ते मी माझ्या शब्दांत लिहितो. नोकरीला लागून तिसरं वर्ष. उत्तरेकडची एक छावणी, थंडीचे दिवस. एका सकाळी एक शिकाऊ नर्स तिच्या खोलीच्या दारात आली, तिच्यापेक्षा पाच वर्षांनी लहान. काय झालंय हे तिच्या तोंडावर दिसत होतं. मेजरबायच्या मनात एकच आलं, तिची आई जे करायची ते. बादलीत रॉड लावला, पाणी कढवलं, त्या मुलीला स्वतःच्या हातानं न्हाऊ घातलं, केस पुसले, गोड चहा दिला. तिचे कपडे साबण लावून धुतले आणि उन्हात वाळत घातले, कुणी डाग बघू नयेत म्हणून. दुसऱ्या दिवशी तक्रार केली. चौकशी बसली. प्रश्न एकच होता, पुरावा काय? कपडे कोणी धुतले? लेफ्टनंट लोबो यांनी. तो माणूस बदली होऊन गेला. ती मुलगी नोकरी सोडून गेली, आणि मेजरबायनं लिहिलेली पत्रं न उघडता परत आली.

"दोरयेर तिची कापडा इतकी स्वच्छ दिसत होती," मेजरबाय म्हणाली. "माका बरा वाटला होता रे. आपल्याक काहीतरी करूक जमला, म्हणान."

मला तिचा राग यायचा पूर्वी, तिच्या धुळीच्या पायऱ्यांचा. त्या बाकावर मला स्वतःची लाज वाटली. तीस-पस्तीस वर्षं ही बाई थंड पाण्यानं आंघोळ करत होती आणि आम्ही तिला चिक्कू म्हणत होतो.

पुढचं इथेच सांगून टाकतो, कारण मला शेवट त्यानं करायचा नाही. खटला रेंगाळला. समोरच्या वकिलानं सगळं विचारलं, पण कपडे कोणी धुतले हे विचारता आलं नाही. वहीतल्या त्या दुसऱ्या माणसानं आधी पाहिलं नाही म्हटलं, मग पाहिलं म्हटलं. मेजरबाय प्रत्येक तारखेला सायलीबरोबर गेली. वाडीत कुणी कुणी सुचवलं की थांब्यावरचा फलक आता काढावा, बरं दिसत नाही. बबन परब, जो जन्मात कुणाशी मोठ्यानं बोलला नाही, तो म्हणाला, "रवांदे. तिणा काय केल्यान?" आणि फलक राहिला, ऊनपावसात फिका होत. मेजरबाय गेल्या वर्षी गेली, झोपेत, हृदय थांबून. त्यानंतर दोन महिन्यांनी निकाल लागला. आरोपी दोषी ठरला, शिक्षा झाली, नोकरी गेली. सायलीनं फोन मला केला, कारण ज्या नंबरवर करायचा तो आता लागत नव्हता. मला आनंद झाला, आणि त्याहून जास्त राग आला. कोणावर ते माहीत नाही. दोन महिने, फक्त दोन महिने. सायली अजून नोकरीत आहे. खिशात अजून वही आहे, नवीन.

पण मला मेजरबाय आठवते ती त्याच दिवसाची, तिन्हीसांजेच्या जरा आधीची.

पाच वाजता सगळं आटोपलं. डॉक्टरीण बाहेर आली आणि सायलीला म्हणाली, आता घरी गेलात की खुशाल आंघोळ करा. आम्ही परत आलो. परबांच्या न्हाणीत चिखल, चूल भिजून फुटलेली, लाकडं ओली. माझीच करणी. सुनंदावहिनी त्या चिखलाकडे बघत उभी राहिली. मुलीला आता न्हाऊ घालायचं होतं आणि चूल नव्हती. मी माझ्या घरी चला म्हणणार एवढ्यात मेजरबाय म्हणाली, "माझ्याकडे चला."

तिच्या न्हाणीतल्या चुलीवर कोळ्यांची जाळी होती. तिनं ती झाडली. मी माडाखालची वाळकी चुडतं आणि सोडणं गोळा करून आणली, सुनंदावहिनीनं विहिरीचं पाणी ओढलं. हंडा आईच्या वेळचा, माळ्यावरून उतरवला, चिंचेनं घासला. पहिली काडी विझली, दुसरीही. तिसऱ्या काडीला पेटलं. वाडीतल्या लोकांनी तिच्या घरातून धूर निघताना पाहिला, आणि दोघीतिघी पाणंदीवर येऊन उभ्या राहिल्या. माझ्या बायकोनं घरून कळशी आणली, भरली आणि तिच्या पायरीशी ठेवली.

सायली आत गेली, दार लागलं. मेजरबाय बाहेर चुलीच्या तोंडाशी दगडावर बसली, नऊवारी नेसलेल्या म्हाताऱ्या बसतात तशी, पाय पोटाशी घेऊन. एकेक सोडण सारत होती. आतून पाण्याचा आवाज येत होता, तांब्यामागून तांब्या, आणि मधे मधे आवाज थांबत होता. थांबला की मेजरबायचा हात थांबे. पुन्हा सुरू झाला की ती पुन्हा सोडण सारी.

मी निघालो. पाणंदीच्या वळणावर मागून तिचा आवाज आला, दाराला तोंड लावून विचारणारा. "पुरे काय गो, की आणखी होया?"

आतून सायली म्हणाली, "आणखी होया."

मेजरबायनं वाकून चुलीत फुंकर मारली.